माध्यमिक शाळेतील आरोग्य व शारीरिक शिक्षण : शिक्षक तयार करायचे कुणाला आणि कसे?

मार्कंडेयकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. बेळगाव आणि चिकोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांतील मराठी माध्यमाच्या हायस्कुलांत आठवी ते दहावीच्या मुलांना आरोग्य व शारीरिक शिक्षण नेमके कोण शिकवते, असे विचारले तर सरळ उत्तर क्वचितच मिळते. ज्या शाळेत बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालेले शिक्षक आहेत, तिथे मैदान त्यांच्याकडे असते. परंतु आहार, रक्तक्षय, मासिक पाळी, व्यसन हा सगळा भाग विज्ञानाच्या बाईंकडे जातो आणि बाई तो पुस्तकातील धड्याइतकाच घेतात. ज्या शाळेत हे पद रिकामे आहे, तिथे ज्याच्या तासिका कमी भरतात त्याच्या वेळापत्रकात 'पी.टी.' टाकली जाते. मग तो शिक्षक मुलांच्या हाती एक चेंडू देतो आणि झाडाखाली वह्या तपासत बसतो. त्याला फार दोषही देता येत नाही, कारण साठ मुलांना चाळीस मिनिटे मैदानावर कामात कसे ठेवायचे, हे त्याला बी.एड.च्या वर्गात कुणी करून दाखवलेले नसते.

कागदावर मात्र हा विषय एकच आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने आरोग्य व शारीरिक शिक्षण दहावीपर्यंत सक्तीचे मानले आणि दोन्ही अंगे एकत्र धरली. २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या आराखड्यातही शारीरिक शिक्षण व स्वास्थ्य हे स्वतंत्र अभ्यासक्षेत्र आहे. २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्याचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी, शक्यतो एक पुरुष व एक महिला, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण घ्यावे आणि वाढत्या वयापासून इंटरनेटच्या सुरक्षित वापरापर्यंतच्या अकरा विषयांवर आठवड्याला एक तास घ्यावा, अशी योजना आहे. त्याच वर्षीच्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावे, असेही म्हटले आहे. म्हणजे तासांची तरतूद आहे आणि विषयांची यादीही आहे. अडते ते प्रशिक्षणाच्या रीतीवर.

आजवरची बहुतेक प्रशिक्षणे मी सभागृहात बसून पाहिली आहेत. सकाळी दीपप्रज्वलन होते, मग पडद्यावर चित्रे सरकतात, दुपारी जेवण होते आणि संध्याकाळी प्रमाणपत्र मिळते. शारीरिक शिक्षणाच्या प्रशिक्षणात दिवसभरात एकही शिक्षक मैदानावर उतरत नाही, हे आपल्याला विचित्रसुद्धा वाटेनासे झाले आहे.

माझे म्हणणे असे की, एका शाळेतून एकटा शिक्षक बोलावूच नये. मैदान सांभाळणारा आणि आरोग्याचा भाग घेणारा अशी जोडी पाच दिवसांसाठी बोलवावी. त्या जोडीने खऱ्या विद्यार्थ्यांचा पाठ प्रशिक्षकासमोर घ्यावा आणि पुढे त्याच सत्रात प्रशिक्षकाने त्यांच्या शाळेत येऊन आणखी एक पाठ पाहावा. या रीतीत काय अडेल आणि काय वाढवावे लागेल, हे जाणकारांनी सविस्तर लिहावे.

खांब ते खांब

मी निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक आहे. सारी नोकरी खानापूर तालुक्यात झाली. धाग्याचा हेतू चांगला आहे, तरी पहिल्याच पायरीवर माझा आक्षेप नोंदवतो.

बेळगाव मुंबई इलाख्यात असताना, १९३८ साली सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था काढली. आम्हाला शिकवणाऱ्यांपैकी काही गुरुजी तिथून तयार होऊन आले होते आणि त्यांची शिस्त, त्यांचे शरीरशास्त्राचे ज्ञान आम्ही जवळून पाहिले. आज राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे बी.पी.एड. दोन वर्षांचे झाले आहे. त्यात शरीररचना, शरीरक्रिया, मापन, पंचगिरी आणि सराव-पाठ असतात. दोन वर्षांचे हे काम विज्ञानाच्या शिक्षकाला पाच दिवसांत येईल असे म्हणणे हा त्या शिक्षकावरही अन्याय आहे आणि मुलांवरही.

एक उदाहरण देतो. लांब उडीतून खड्ड्यात उतरताना मुलीचे गुडघे आत वळतात, हे अनुभवी नजरेला पहिल्या उडीत दिसते. नवख्याला ती मुलगी लंगडत बाजूला गेल्यावर कळते. खो-खोत खांबाला वळसा घालताना बाहेरचा पाय कुठे पडावा, कबड्डीत पकड करताना मान कुठे असावी, या गोष्टी पुस्तकातून येत नाहीत. दुसरी भीती याहून मोठी आहे. 'आमच्याकडे प्रशिक्षित आरोग्यदूत आहेत' असे एकदा कागदावर आले की रिकामे पद भरण्याची निकड संपते. जोडी तयार करा, पण ती पदाची भरपाई आहे असे कुठेही लिहिले जाणार नाही, याची हमी आधी घ्या.

मार्कंडेयकाठ (धागाकर्ता)

सर, पदे भरण्याची मागणी रास्तच आहे आणि ती स्वतंत्रपणे लावून धरली पाहिजे. तथापि आज आठवीत असलेला मुलगा पद भरले जाईपर्यंत दहावी होऊन बाहेर पडतो. त्याच्या वाट्याला निदान इजा न होणारा आणि घाम येणारा तास यावा, एवढेच मागणे आहे. उडी, फेक आणि कुस्तीसारखे प्रकार अप्रशिक्षित शिक्षकाने शिकवू नयेत, ही आपली अट मी मसुद्यात घालतो.

वखारीच्या गल्लीतली

मी निपाणी भागातील हायस्कुलात विज्ञान शिकवते आणि आमच्या शाळेची आरोग्यदूतही आहे. प्रशिक्षणात व्यसनाचा भाग होता. तो ज्यांनी घेतला त्यांनी तंबाखूचे दुष्परिणाम, कर्करोगाची छायाचित्रे आणि २००३ च्या कायद्यातील शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीला बंदी घालणारे कलम व्यवस्थित समजावले. त्यात चुकीचे काहीच नव्हते. पण आमच्या वर्गात बसलेल्या निम्म्याअधिक मुलांच्या घरची चूल विडीच्या तंबाखूवर चालते. कुणाचे वडील वखारीत हमाल आहेत, कुणाची आई विड्या वळते, कुणाच्या रानात तंबाखू उभा आहे. तंबाखूच्या दरासाठी झालेले १९८१ चे आंदोलन आमच्याकडे घराघरांत अजून सांगितले जाते. अशा वर्गासमोर उभे राहून 'तंबाखू हे विष आहे' एवढेच म्हटले, तर मुले मान खाली घालतात आणि त्या दिवसापासून आपल्याला काही विचारत नाहीत.

मी तो तास वेगळ्या प्रकारे घेते. आधी हाताळणीचा धोका सांगते, कारण तो मुलांच्या रोजच्या अनुभवातला आहे. दवाने किंवा पावसाने ओल्या झालेल्या पानांत काम केले की निकोटिन कातडीतून अंगात जाते आणि मळमळ, उलटी, चक्कर सुरू होते. मुलांना ही लक्षणे माहीत असतात, परंतु ती 'ऊन लागले' या खात्यावर जमा झालेली असतात. मग ओल्या पानात काम टाळणे, अंगभर कपडे घालणे, काम झाल्यावर साबणाने हात धुणे, भिजलेले कपडे लगेच बदलणे आणि तंबाखूची भुकटी उडते तिथे नाकातोंडाला फडके बांधणे, एवढे मुले घरी जाऊन सांगतात. आईच्या तब्येतीची काळजी करणारा शिक्षक म्हणून आपण एकदा त्यांच्या मनात बसलो की, गुटख्याच्या पुडीबद्दल बोलण्याचा अधिकार आपोआप मिळतो.

नववीतील एका मुलीने भर वर्गात विचारले होते, "बाई, आई विड्या वळायची थांबली तर माझ्या क्लासची फी कोण देणार?" असा प्रश्न आला तर काय बोलावे, याची तयारी प्रशिक्षणात करून घेतली पाहिजे. एका शिक्षकाने मुलगी व्हावे, दुसऱ्याने उत्तर द्यावे, बाकीच्यांनी ते उत्तर तपासावे. मी तिला इतकेच म्हटले की, आईला थांबायला सांगायचे नाही, आईचे फुप्फुस जपायचे आहे. आणि आईने खिडकीपाशी बसून काम केले तरी फरक पडतो. याहून चांगले उत्तर असू शकेल. ते शोधायला चार डोकी एका खोलीत हवीत, आणि प्रशिक्षण म्हणजे तीच खोली असायला हवी.

१०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. आम्ही ते अंतर शाळेच्या फाटकापासून मुलांकडून टेपने मोजून घेतले. त्या टेपच्या आत कोणती टपरी आली, हे मी इथे लिहीत नाही.

तालुका दवाखाना

मी सीमाभागातील एका तालुक्यात वैद्यकीय अधिकारी आहे आणि शाळांच्या तपासणीला जातो. आरोग्य आणि मैदान हे दोन वेगळे विषय नाहीत, हे एका गोष्टीवरून दाखवतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींत आणि ३१.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. आता खेलो इंडियाची शारीरिक क्षमता चाचणी घ्या. तिच्यात ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, लवचिकता, पोटाचे व हातांचे व्यायाम आणि उंची-वजन यांची नोंद असते. ६०० मीटरच्या चाचणीत जी मुलगी तिसऱ्या फेरीला छातीवर हात धरून थांबते, तिला मैदानावरचे सर 'आळशी' म्हणतात. विज्ञानाच्या बाई दर आठवड्याला तिच्या हातावर लोहाची निळी गोळी ठेवतात आणि ती गोळी बऱ्याचदा खिडकीबाहेर जाते. सरांना गोळीचा पत्ता नसतो आणि बाईंना धावेचा. एकाच मुलीची ही दोन टोके दोन शिक्षकांच्या हातात आहेत आणि ती कधी एकत्र येत नाहीत. जोडीचा आग्रह मला याच कारणाने पटतो. चाचणीचा तक्ता आणि गोळ्यांची नोंदवही शेजारी शेजारी ठेवून महिन्यातून एकदा दोघांनी पाहावी. दमणारी मुलगी, डोळ्यांच्या पापणीच्या आतून फिकट दिसणारी मुलगी आणि गोळी न घेणारी मुलगी या कित्येकदा एकच निघतात. तिला दवाखान्यात पाठवणे हे शिक्षकाचे काम. निदान आम्ही करू.

गोळीबाबत शिक्षकांना दोन-चार गोष्टी माहीत असाव्यात. ती उपाशीपोटी देऊ नये. मध्यान्ह आहारानंतर द्यावी. क्षीरभाग्य योजनेत शाळेत मिळणारे दूध किंवा चहा यांच्याबरोबर दिली तर लोह नीट शोषले जात नाही. शौचाला काळे होते ते निरुपद्रवी आहे, हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर एका मुलीच्या भीतीने सारा वर्ग गोळी बंद करतो. शक्य असेल तेव्हा शिक्षकांनी स्वतःची गोळी मुलांसमोर घ्यावी. मासिक पाळीच्या दिवसांत मुलीला बरे वाटत असेल तर खेळायला वैद्यकीय हरकत नाही. तिने ठरवावे, आणि तिला विचारणारी बाई मैदानाजवळ असावी.

प्रथमोपचार मात्र करूनच शिकवावा लागतो. हृदय थांबलेल्या मोठ्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायची असते, हे वाक्य पाठ असलेल्या शिक्षकाचे हात पुतळ्यावर दोन सेंटिमीटरच जातात. पुतळा नसेल तर तो तास घेऊच नये. बाकी आपल्याकडे नेहमी दिसणारे प्रकार म्हणजे मुरगळलेला पाय चोळणे आणि साप चावल्यावर दोरी आवळणे. मुरगळल्यास चोळू नये, गार पाण्याची घडी ठेवावी आणि पाय उंचावर ठेवावा. साप चावल्यास कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये; चावलेला हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवून १०८ ला फोन करावा आणि ज्या दवाखान्यात सर्पविषावरील लस आहे तिथेच न्यावे. कोणत्या दवाखान्यात ती आहे, हे शिक्षकांनी जूनमध्येच विचारून भिंतीवर लिहून ठेवावे.

फक्की आणि शिट्टी

अथणी तालुक्यात अलीकडेच रुजू झालो आहे. बी.पी.एड. राणी चन्नम्मा विद्यापीठातून केले. निवृत्त सरांविषयी आदर ठेवून सांगतो की, दोन वर्षांच्या पदवीतही मोठा वर्ग आणि लहान मैदान यांची गाठ आमची पडली नव्हती. आमच्या सराव-पाठांना तीस मुले आणि दोनशे मीटरचा आखीव ट्रॅक होता. शाळेत आलो तर मैदान ४५ मीटर लांब, ३० मीटर रुंद, आणि मधोमध बोअरवेल.

त्यावरचा उपाय इथे देतो, कारण तो कुणीही शिक्षक करू शकतो. अशा आयताची परिमिती १५० मीटर भरते. कडेने फक्की मारली की चार फेऱ्यांत ६०० मीटर पूर्ण होतात. कोपरे काटकोनात न ठेवता दोरीने गोलसर आखावेत, नाहीतर वळणावर मुले घसरतात. गोलाईमुळे फेरी काही मीटरने कमी होते, तेवढे शेवटच्या फेरीत धरून घ्यावे. आतल्या जागेत साठ मुलांचे सहा गट करतो. एक गट दोरीउड्या, एक गट चेंडू फेकणे-झेलणे, एक गट खो-खोची बैठक आणि उठणे, एक गट तोल, एक गट पोटाचे व्यायाम, आणि सहावा गट नोंदी ठेवतो. पाच-पाच मिनिटांनी गट बदलतात. सुरुवातीची पाच मिनिटे अंग मोकळे करण्यात आणि शेवटची पाच हजेरी व शिथिलीकरणात जातात. सामान म्हणून सुतळीच्या दोऱ्या, जुन्या मोज्यांत वाळू भरून शिवलेल्या पिशव्या आणि एक घड्याळ पुरते.

आमच्या भागात आणखी एक विषय प्रशिक्षणात असावा असे वाटते, तो पाण्याचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी गावांत शिरले आणि शाळा निवाऱ्याच्या छावण्या झाल्या. एरवीही नदी, कालवा आणि शेततळे मुलांच्या वाटेवर असतात. पोहायला शिकवणे बहुतेक शाळांना शक्य नाही. मात्र बुडणाऱ्याच्या मागे उडी न घेता काठी, दोर, साडी किंवा बांधून बंद केलेला रिकामा कॅन टाकावा आणि स्वतः काठावर आडवे पडून ओढावे, हे मैदानावर कोरड्यातच शिकवता येते. मुलांना हा तास फार आवडतो.

खांब ते खांब

तरुण सरांचा आराखडा चांगला आहे, पण हिशेब पुन्हा करावा. सहा गट एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायला प्रत्येक वेळी निदान अर्धे-पाऊण मिनिट घेतात. नवीन शिक्षकाच्या हाताखाली दीड मिनिट. चार-पाच बदलांत आठवीची मुले गोंधळतात आणि शिक्षकाचा घसा बसतो. पंधरांचे चार गट करावेत आणि प्रत्येक जागी सात मिनिटे द्यावीत, म्हणजे अठ्ठावीस मिनिटे खरी मिळतात. उरलेले प्रकार पुढच्या तासाला घ्यावेत. नोंदी ठेवणारा गट मात्र राहू द्या; ज्याला पळता येत नाही त्या मुलालाच तिथे कायमचा बसवू नका, एवढे पाहा. पोलिओ झालेला किंवा कमी दिसणारा मुलगा फेकण्याच्या गटात उत्तम रमतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

फक्की आणि शिट्टी

मान्य, सर. या आठवड्यात चार गटांनी घेऊन पाहतो.

घंटा आणि हजेरीपट

मी मुख्याध्यापक आहे आणि या धाग्यावरचा अप्रिय भाग माझ्याकडे येणार हे ठाऊक आहे. दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर पी.टी.चा तास गणिताला जातो, हे आमच्याही शाळेत घडते. सहाशे पंचवीस गुणांच्या निकालावर शाळेची वर्षभर चर्चा होते आणि मैदानावर काय झाले हे कुणी विचारत नाही. शिक्षक कितीही तयार केले तरी तास उरला नाही तर ती तयारी वाया जाते. त्यामुळे प्रशिक्षणाच्या अर्ध्या दिवसाला मुख्याध्यापकांनाही बोलवावे आणि वेळापत्रक तिथेच मांडून घ्यावे. माझ्यासारख्यांना चारचौघांत सही करावी लागली की आम्ही ती पाळतो.

दुसरा प्रश्न माणसांचा. छोट्या हायस्कुलातून दोन शिक्षक एकाच वेळी ओ.ओ.डी.वर (शाळेबाहेरच्या सरकारी कामावर) गेले तर तीन वर्ग उघडे पडतात. सलग पाच दिवस अशक्य आहे. शनिवारी सकाळची शाळा असते. त्या दुपारी क्लस्टरच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, एका मैदानावर तीन तास जमता येईल, मात्र त्याची भरपाई रजा मिळाली पाहिजे. शनिवारच्या सामूहिक कवायतीलाच काही जण शारीरिक शिक्षण समजतात. ती शिस्तीला चांगली आहे, परंतु जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगते, आणि कवायतीत कुणाला दम लागत नाही.

आठवीच्या मुलीचा बाबा

मी शिक्षक नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. माझी मुलगी खो-खोच्या संघात नाही. संघाची निवड जूनमध्ये झाली आणि तालुका स्पर्धा संपेपर्यंत मैदान त्या बारा-पंधरा जणींचेच होते. उरलेल्या मुलींनी काय करावे, हे कुणी ठरवलेलेच नव्हते. शाळेला ढाली मिळतात याचा आनंद आहे. पण शिक्षकांना तुम्ही काय शिकवणार त्यात, निवड न झालेल्या मुलामुलींचे काय, हा भाग असावा. आणि पुरुष शिक्षकांनी मुलींना व्यायाम शिकवताना हात कुठे आणि कसा लावावा, याबद्दल स्पष्ट नियम असावेत. पालक म्हणून हे बोलायला संकोच वाटतो, तरी लिहितो.

दोन फळे

मी काही प्रशिक्षणांत साधन व्यक्ती, म्हणजे शिक्षकांचा प्रशिक्षक, म्हणून काम करतो. वरच्या प्रतिसादातील शेवटचा मुद्दा संकोचाचा नाही, कायद्याचा आहे. रीत अशी शिकवावी की, प्रात्यक्षिक शिक्षकाने स्वतःच्या शरीरावर किंवा मुलींपैकीच एकीकडून करून दाखवावे. आधार देणे भागच असेल तर आधी विचारावे, सर्वांसमोर द्यावा आणि तेवढ्यापुरताच द्यावा. बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, २०१२ याच्या कलम १९ प्रमाणे, असा अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगितले म्हणजे काम संपले, असा समज अजून अनेक शिक्षकांत आहे. १०९८ हा बालकांसाठीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या दारामागे लावलेला असावा. परीक्षेच्या काळात दुसऱ्या क्रमांकाची गरज पडते.

माध्यमाबद्दलही सांगतो. साधन व्यक्ती कन्नडमध्ये बोलतात आणि मराठी माध्यमाच्या शिक्षकांना बहुतेक समजते, कारण आपण सगळे दोन्ही भाषांत वावरतो. तरी वयात येण्याविषयी किंवा व्यसनाविषयी मराठीत बोलण्याचा सराव त्यांना मिळत नाही, आणि पहिल्यांदा ते बोलतात ते थेट चाळीस मुलांसमोर. म्हणून प्रशिक्षकाचे विवेचन कन्नडमध्ये असले तरी सराव-पाठ शिक्षकाच्या शाळेच्या माध्यमातच व्हावा आणि तो पाहायला त्या माध्यमाचा एक अनुभवी शिक्षक बसावा. याला जादा खर्च नाही.

मार्कंडेयकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. क्लस्टर पातळीवर मांडण्यासाठी मसुदा असा करतो आहे. शाळा सुरू होण्याच्या आसपास दोन पूर्ण दिवस मैदानावर घ्यावेत आणि पहिल्या दिवशीच प्रत्येक जोडीने साठ मुलांचा तास चार गटांत घ्यावा. प्रथमोपचाराचा अर्धा दिवस पुतळे मिळाले तरच ठेवावा आणि तो तालुका रुग्णालयाच्या मदतीने व्हावा. त्यानंतर महिन्यातून एका शनिवारी तीन तास जमावे. तिथे त्या त्या भागाचा प्रश्न घ्यावा. निपाणीत तंबाखू, अथणी-चिकोडीत पाणी, खानापुरात सर्पदंश आणि रक्तक्षय. चाचणीचा तक्ता व गोळ्यांची नोंदवही दोघांनी बरोबर आणावी. सत्राच्या अखेरीस साधन व्यक्तीने शाळेत येऊन एक तास पाहावा आणि त्या तासात किती मुले प्रत्यक्ष हालचाल करत होती व किती उभी होती, एवढीच नोंद करावी. प्रमाणपत्र या भेटीनंतरच मिळावे. उडी, फेक, कुस्ती आणि कबड्डीची पकड हे प्रकार पदवीधर शारीरिक शिक्षकाशिवाय घेऊ नयेत, आणि ही जोडी रिक्त पदाची भरपाई मानली जाणार नाही, ही दोन वाक्ये सुरुवातीलाच घातली आहेत.

खांब ते खांब

दोन वाक्ये घातलीत, माझा आक्षेप संपला. खानापूरसाठी एक दुरुस्ती करा. कणकुंबी-जांबोटीकडे जून ते सप्टेंबर मैदानावर पाऊलही ठेवता येत नाही. त्या शाळांच्या जोड्यांना पहिल्या दोन दिवसांतील निदान अर्धा दिवस व्हरांड्यात आणि वर्गातच पाठ घ्यायला लावा : बाके भिंतीला लावून दोरीउड्या, सूर्यनमस्कार, जोडीचे व्यायाम, तोलाचे खेळ. चार महिने पावसाच्या नावाखाली विषयच बंद राहतो, तो राहू नये. त्या दिवसासाठी मी येतो. मानधन नको, जाण्यायेण्याची बस मिळाली की झाले.

घंटा आणि हजेरीपट

मसुद्यात एक वाक्य मुख्याध्यापकांच्या सोयीचे घाला : 'जोडीपैकी एकच शिक्षक आल्यास त्या शाळेची उपस्थिती धरली जाणार नाही.' हे आदेशात नसेल तर आम्ही दुसऱ्या शिक्षकाला वर्ग सांभाळायला ठेवून घेऊ, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. भरपाई रजेचा उल्लेखही त्याच परिच्छेदात असावा. तेवढे झाले की आमच्या क्लस्टरमधील पहिला शनिवार आमच्या शाळेच्या मैदानावर ठेवायला माझी हरकत नाही; सुरुवातीच्या पाठासाठी आठवी आणि नववीची मिळून साठ मुले थांबवून घेतो, त्यांच्या दुपारच्या जेवणाची सोयही करतो.